चार दिवसात पेपर ॲक्सेप्ट झाला? पैसे पाठवायची घाई नको

गेल्या अंकात मी ओपन ॲक्सेस जर्नल्सवर दोन पानं लिहिली होती, म्हणजे ज्यांतले संशोधन पेपर कुणालाही कुठूनही फुकट वाचता येतात ती जर्नल्स, आणि शेवटी सहज लिहून टाकलं की काही विचारायचं असेल तर विचारा. इनबॉक्स तुंबलाय. मी स्वतः एका छोट्याशा ओपन ॲक्सेस जर्नलचं संपादन अकरा वर्षं करतोय, पगार नाही आणि कौतुक त्याहून नाही, तेव्हा उत्तरं कुठे तिखट लागली तर सांभाळून घ्या. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : सर, मी परभणी जिल्ह्यातून पीएचडी करतेय. सोमवारी एका जर्नलला पेपर मेल केला आणि गुरुवारी ॲक्सेप्टन्स लेटर आलं. 1,800 रुपये यूपीआयने पाठवायला सांगितलेत, वर 300 दिले तर प्रत्येक लेखकाला वेगळं सर्टिफिकेट. आयएसएसएन नंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टर 7 च्या वर लिहिलाय. गाईड म्हणतात भरून टाक, सगळेच भरतात. भरू का?

नका भरू ताई. पैसे मागितले म्हणून नाही हं, पैशाचं खाली एका डॉक्टरांनी विचारलंय तिथे बोलू. खरी गडबड आहे सोमवार ते गुरुवारात.

आमच्याकडे पेपर आला की काय काय होतं ते सांगतो, मग तुमचं तुम्हालाच कळेल. आधी मी उघडून बघतो, विषय आमचा आहे का, तक्ते आणि संदर्भ जागच्या जागी आहेत का, मग सिमिलॅरिटी सॉफ्टवेअरमधून काढतो (मजकूर कुठून उचललाय का ते कळतं), बरेचसे पेपर इथूनच परत जातात, त्याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. उरलेले जातात त्या त्या विषयाच्या सहसंपादकाकडे आणि तिथून पुढे वनवास, म्हणजे रिव्ह्यूअर (पेपर वाचून मत देणारे त्या विषयातले जाणकार) शोधणं. दोन रिव्ह्यूअर हवे असतील तर आठ-दहा जणांना मेल टाकायचे, निम्मे उत्तरच देत नाहीत, दोघं म्हणतात परीक्षा चालू आहेत, एक जण हो म्हणतो आणि गायब होतो. जे खरंच वाचतात त्यांना आम्ही चार आठवडे देतो, ते आठ घेतात. लेखकाला रिव्ह्यूअर माहीत नसतो आणि रिव्ह्यूअरला लेखक, ह्याला डबल ब्लाइंड म्हणायचं (आता छोट्या विषयात दोन पॅरा वाचले की कळतंच कुणाचा हात आहे, पण ते असो). मग दोघांचे रिपोर्ट येतात, एक म्हणतो सुंदर, दुसरा म्हणतो फेकून द्या, मग तिसरा शोधा. मग लेखकाला मेजर रिव्हिजन सांगितली की तो महिना-दीड महिना रुसतो, मग सुधारून पाठवतो, ते परत वाचायचं, मग निर्णय, मग कॉपी एडिटिंग, प्रूफ, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाईन ओळख नंबर). सगळं सुरळीत झालं तरी चार-पाच महिने कुठे गेले कळत नाही. हे काम कुणी चार दिवसात केलं असेल तर त्याने तुमची फाईल उघडलेलीच नाही असं खुशाल समजा.

आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आठ आकडी ओळख नंबर. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी येते असं थोडीच असतं? आपल्याकडे तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून फुकट मिळतो आणि ते केंद्र पेपर चांगले की वाईट हे तपासत नाही, तपासायचं त्याचं कामच नाही. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट नावाची कंपनी दरवर्षी काढते, मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला त्यावरून. त्याच्या आधी 'ग्लोबल' नाहीतर 'युनिव्हर्सल' असं काही जोडलेलं दिसलं तर तो बाजारातून आणलेला आकडा आहे.

एक किस्सा सांगतो, गाईडनाही सांगा. 2013 साली जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने 'सायन्स' साप्ताहिकासाठी एक उद्योग केला. दगडफुलातलं रसायन कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं (दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलंच) असा खोटा पेपर रचला, त्यात जाणत्या माणसाला पहिल्या वाचनात दिसतील अशा चुका मुद्दाम पेरल्या, लेखकही खोटे, त्यांच्या संस्थाही खोट्या, आणि तो 304 ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला. 157 नी स्वीकारला, 98 नी नाकारला. नाकारणाऱ्यांत 'प्लॉस वन' होतं, जे लेखकाकडून चांगली घसघशीत फी घेतं. म्हणून मी म्हणतो की पैसे घेतात का हा प्रश्न दुसरा, 'नाही' म्हणतात का हा पहिला.

तुम्ही आता एक करा, त्या जर्नलला मेल टाका की दोन्ही रिव्ह्यूअरचे रिपोर्ट पाठवा, मग पैशाचं बघते. काय येतंय ते बघा. 'एक्सलंट पेपर' एवढं एका ओळीत आलं तर विषय संपला. आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या पीएचडी नियमांत थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवलेली असू शकते, ती पीएचडी सेक्शनला लेखी विचारा. तोंडी नको, तोंडी उत्तर खिडकीगणिक बदलतं.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात सहायक प्राध्यापक आहे. प्रमोशनची फाईल तयार करतोय. केअर लिस्ट बंद झाली म्हणतात, मग आता कुठलं जर्नल चालेल ते एकदा सांगून टाका.

बंद झाली हे खरंय. केअर लिस्ट म्हणजे यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी, ती बंद केल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने जाहीर केलं. पण 'एकदा सांगून टाका' ह्यातच सगळा घोळ आहे सर, आपल्याला कुणीतरी यादी द्यावी आणि आपण बोट ठेवावं अशी सवय लागलीये. 2017 मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली, विद्यापीठांनी आपापली नावं सुचवली, आणि तीत इतका कचरा शिरला की मे 2018 मध्ये एका फटक्यात 4,305 जर्नल्स काढावी लागली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी 1,009 जर्नल्स तपासली तर 88 टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असावीत असं निघालं, कुठे पत्ता नाही, संपादक कोण ते नाही, कुठे माहितीच खोटी, वगैरे. मग केअर लिस्ट आली, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं, आणि माझ्या मते पहिली दोनेक वर्षं तिने बरीच साफसफाई केली. पण मग भामटे पुढे गेले. लिस्टवरच्या एखाद्या जुन्या, नाव असलेल्या जर्नलची वेबसाईट नसायची किंवा साधी असायची, तर त्याच नावाने, त्याच आयएसएसएनने हुबेहूब दुसरी साईट उभी करायची आणि पैसे गोळा करायचे. मास्तर लोकांनी लिस्टवर नाव बघितलं, पैसे भरले, आणि फाईल तपासताना कळलं की ते जर्नल हे नव्हेच.

आता यूजीसीने जर्नल कसं निवडावं ह्याचे सूचक निकष दिलेत आणि ठरवायचं काम संस्थांवर सोडलंय. तेव्हा पहिलं काम, तुमच्या कॉलेजने किंवा विद्यापीठाने काय ठरवलंय त्याचं परिपत्रक काढून घ्या. नंतर मी स्वतः काय करतो ते सांगतो. डीओएजे म्हणून ओपन ॲक्सेस जर्नल्सची एक सूची आहे, 2003 साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली, तिथे नाव शोधतो आणि साईटवर तिथल्याच लिंकवरून जातो, गूगलवरून नाही. मग मागच्या दोन अंकांतले दोन पेपर खरंच वाचतो, माझ्या विषयातले. ह्याला अर्धा तास लागतो आणि ह्याच्याइतकी भरवशाची दुसरी टेस्ट नाही, पण कुणी करत नाही. मग संपादक मंडळातल्या एकाला मेल करतो की सर तुम्ही ह्या जर्नलवर आहात ना.

हे शेवटचं का, तर चार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला फोन करून अभिनंदन केलं, सर तुम्ही अमुक जर्नलचे सहसंपादक झालात. मी त्या जर्नलचं नावही ऐकलेलं नव्हतं. साईटवर माझा फोटो, माझं जुनं पद, खाली ईमेल भलताच. नाव काढा म्हणून सात मेल केले. फोटो तेवढा बदलला त्यांनी, जास्त चांगला लावला.

प्रश्न : नाशिकला प्रॅक्टिस करतो, थोडं संशोधनही. तुम्ही बोगस जर्नल्सवर लिहिता पण नामांकित परदेशी जर्नल्सही लाखात फी मागतात. फरक काय मग? आणि पैसे न घेणारं चांगलं जर्नल उरलंय का?

फरक असतो पैसे कधी आणि कशाचे ह्यात. पूर्वी वाचणाऱ्याने पैसे द्यायचे, म्हणजे लायब्ररीने. बुडापेस्टला जमलेल्या काही मंडळींनी 2002 साली जाहीरनामा काढला की संशोधन सगळ्यांना खुलं हवं, आणि त्यानंतर खर्च कुणी उचलायचा ह्याची जी उत्तरं निघाली त्यातलं एक म्हणजे लेखकाने, ह्याला एपीसी, म्हणजे आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज, म्हणतात. भल्या जर्नलमध्ये ही फी साईटवर आधीपासून लिहिलेली असते, पेपर स्वीकारल्यावरच लागते आणि संपादकाला तुम्ही भरणार की नाही हे निर्णय घेताना दिसत नाही. आता ती किती असावी ह्याला काही धरबंध राहिला नाही हे तुमचं बरोबरच आहे. 'नेचर'ने 2020 मध्ये जाहीर केली तेव्हा 9,500 युरो होती. आपल्याकडच्या कितीतरी प्रोजेक्टचं वर्षाचं बजेट तेवढं नसतं. मला विचाराल तर हा प्रतिष्ठेचा भाव आहे, छपाईचा नाही.

पैसे न घेणारी आहेत की. वाचणाऱ्यालाही फुकट आणि लिहिणाऱ्यालाही फुकट अशांना डायमंड म्हणतात, नाव सोन्याहून भारी आणि खिसा रिकामा. तुमच्याच क्षेत्रात मुंबईच्या केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' बघा, 1955 पासूनचं, कितीतरी वर्षं लेखकाकडून पैसे न घेता चालवलेलं. मुंबईतूनच निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' आहे. पाठवायच्या आधी साईटवरचं फीचं पान मात्र स्वतः वाचा, धोरणं बदलत असतात. आणि मोठ्या प्रकाशकांकडे फीमाफी असते, वेव्हर, ती पेपर सबमिट करतानाच मागायची, ॲक्सेप्ट झाल्यावर मागितली की बहुतेक वेळा म्हणतात उशीर झाला. मागायला लाजू नका, आम्ही मराठी माणसं इथेच मार खातो.

जाता जाता, सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आहे ना, नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली, 2025 ते 2027 साठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स, ती मुख्यतः सरकारी संस्थांतल्या लोकांना पेपर वाचायला मिळावेत म्हणून आहे. एका वाचकाने लिहिलंय की आता सगळीच जर्नल्स ओपन ॲक्सेस झाली. तसं नाही हो. दार तेच आहे, किल्ली सरकारने विकत घेतली.

प्रश्न : पेपर मी लिहिला. गाईडचं नाव पहिलं टाकायचं म्हणतात, शिवाय विभागप्रमुख आणि त्यांच्या मिसेस. काय करू? (अमरावती)

वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोण ह्याच्या चार अटी घातल्यात आणि इतर विषयांतली बरीच जर्नल्सही त्याच धरून चालतात : कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, तपासण्यात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत वाटा, शेवटच्या मसुद्याला मंजुरी, आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही हव्यात. मिसेसना आभारात घ्या, तेही त्यांनी काही केलं असेल तर. हे गाईडना तोंडावर म्हणणं अवघड आहे हे मला कळतं, मीही कुणाचा तरी विद्यार्थी होतो. त्यापेक्षा जर्नलचा कोणी काय केलं हा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा सर, तुमच्या नावापुढे काय लिहू. (ह्याच अटींमुळे चॅटजीपीटीलाही लेखक करता येत नाही, तो जबाबदारी घेत नाही. वापरला असेल तर कुठे वापरला ते लिहायचं, लपवायचं नाही, आम्हाला वासावरून कळतं.)

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितेय. माझा ओपन ॲक्सेस पेपर एकाने जसाच्या तसा गाईड टाईप पुस्तकात घालून विकायला काढलाय. फुकट होता म्हणून असं चालतं का?

आधी पेपरच्या पहिल्या पानाखाली बघा, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे इतरांनी पेपर कसा वापरायचा ते सांगणारा, लिहिलेला असेल. नुसतं सीसी बाय असेल तर मॅडम, वाईट वाटेल पण तो विकू शकतो, मात्र तुमचं नाव, मूळ जर्नल आणि परवाना हे स्पष्ट द्यायलाच हवं, आणि बदल केले असतील तर तसं सांगायला हवं. नाव दिलं नसेल तर परवान्याची अट मोडली. पुढे एनसी लिहिलं असेल तर धंद्यासाठी वापरच नाही. एनडी असेल तर बदल करून पुढे देता येत नाही, आणि त्यात भाषांतरही आलं, म्हणजे मराठीत आणायचं असेल तरी परवानगी लागते. 'खुलं' म्हणजे बेवारस नव्हे. कॉपीराईट बऱ्याच ओपन ॲक्सेस जर्नल्समध्ये लेखकाकडेच राहतो, पण करारावर सही करताना आपण खाली स्क्रोल करून टिक मारतो ना, तिथे काय लिहिलं होतं ते आधी शोधा. मग प्रकाशकाला पत्र, आणि जर्नलच्या संपादकाला कॉपी. संपादकाच्या लेटरहेडला पुस्तकवाले जरा घाबरतात असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेला नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) आधी स्वतःचं ओपन ॲक्सेस जर्नल सुरू करायचंय. किती खर्च येईल? (एक प्राचार्य, लातूर)

खर्चाचं म्हणाल तर नगण्य. ओजेएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जगभरची हजारो जर्नल्स त्यावर चालतात, सबमिशनपासून रिव्ह्यूपर्यंत सगळं त्यातच. आयएसएसएन फुकट. डोमेन आणि सर्व्हरचे काही हजार.

पण नॅकसाठी सुरू केलेलं जर्नल नॅक होऊन गेल्यावर कोण सांभाळणार ते आधी ठरवा. माझ्या माहितीतलं एक होतं, छान सुरू झालं, तीन वर्षांनी प्राचार्य बदलले, डोमेनचे पैसे कुणी भरले नाहीत, आज त्या पत्त्यावर ऑनलाईन रमी खेळायला मिळते. शंभरेक लेखकांचे पेपर कुठेच नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी पेपर दुसरीकडेही जपून ठेवायची सोय करा, किमान कॉलेजच्या रिपॉझिटरीत, म्हणजे डिजिटल संग्रहात. आणि अंकात सगळे आपलेच मास्तर नकोत. डीओएजेत जायचं तर संपादक, मंडळ आणि रिव्ह्यूअर ह्यांनी लिहिलेले पेपर मागच्या दोन अंकांत 25 टक्क्यांच्या वर चालत नाहीत, वर्षाला किमान पाच संशोधन लेख हवेत, मंडळावर किमान पाच जण हवेत. धोरणं आधी लिहा, पेपर नंतर मागवा : चोरी सापडली तर काय, लेखकाने तक्रार केली तर कोण ऐकणार, संस्थाचालकांच्या भाच्याचा पेपर आला तर कोण बघणार. शेवटचं विनोदाने लिहिलेलं नाही.

प्रश्न : पेपर छापून आल्यावर एका तक्त्यात माझीच चूक सापडली. कळवलं तर रिट्रॅक्ट करतील का, म्हणजे पेपर मागे घेतील का? झोप लागत नाही. (पुणे)

झोपा. निष्कर्ष तोच राहत असेल तर दुरुस्ती छापतात, मूळ पेपरला जोडून, आणि विषय मिटतो. निष्कर्षच कोसळत असेल तर रिट्रॅक्शन, पण स्वतःहून सांगितलं तर नोटिशीत तसं लिहितात आणि जाणकार लोक त्याला मान देतात. रिट्रॅक्ट केलेला पेपर साईटवरून गुपचूप उडवत नाहीत बरं का, त्यावर ठळक शिक्का मारून तिथेच ठेवतात, कुणी आधी संदर्भ दिला असेल त्याला कळावं म्हणून. तुमच्या एका तक्त्याने आभाळ कोसळत नाही, हिंदावी ह्या एका प्रकाशकाने एकट्या 2023 मध्ये 8,000 हून जास्त पेपर मागे घेतले, बनावट रिव्ह्यू आणि ठेक्यावर लिहून घेतलेले पेपर ह्यापायी. तिथे लेखकांना झोप लागत होती. उद्याच मेल करा, कुठला तक्ता, कुठला आकडा, बरोबर काय, एवढंच.

प्रश्न : आठ महिने झाले, पेपर 'अंडर रिव्ह्यू'च दाखवतोय. दुसरीकडे पाठवून ठेवू का, जिथे आधी लागेल तिथे? (कोल्हापूर)

नाही. एकाच वेळी दोन जर्नलला पाठवणं म्हणजे दोन्हीकडून हाकलून घेणं, कारण बऱ्याचदा तोच पेपर दोन्हीकडून एकाच रिव्ह्यूअरकडे जातो, विषयात माणसं असतातच किती. आधी एक साधा मेल, पेपर कुठे आहे म्हणून. तीन आठवडे वाट बघा, मग दुसरा, मुख्य संपादकाला. तरी गप्प असतील तर पेपर मागे घेतो असं लेखी कळवा, त्यांची पोच येऊ द्या आणि मगच दुसरीकडे पाठवा. मागे घ्यायचे पैसे मागितले तर देऊ नका, भलं जर्नल ते मागत नाही. आणि मेल आमच्याच जर्नलला करणार असाल तर सब्जेक्टमध्ये पेपर नंबर टाका, नुसतं 'रिस्पेक्टेड सर' लिहिलेले चाळीस मेल पडलेत माझ्याकडे, त्यातला तुमचा कुठला ते मला सापडत नाहीये.